मतं तीच, मोजणी वेगळी

बाबासाहेब निवडणूक हरले होते, तेही दोनदा, हे मला बरंच उशिरा कळलं. शाळेच्या पुस्तकात संविधानाचे शिल्पकार एवढंच होतं आणि घरात भिंतीवर फोटो होता, आणि ज्या माणसाचा फोटो भिंतीवर असतो तो हरतो कसा असं वाटायचं. आमचे आजोबा गिरणीत होते, परळच्या चाळीत आयुष्य गेलं, ते बावन सालचा विषय निघाला की एवढंच म्हणायचे, "मतं कुजवली रे", आणि गप्प व्हायचे. म्हणजे काय कुजवली, कुणी, कशी, ते कधी धड सांगितलं नाही. मग मोठेपणी मी स्वतःच जुने निकाल शोधून वाचायला लागलो आणि त्या नादात एक गोष्ट अशी समोर आली की ती आता डोक्यातून जात नाही.

ती अशी की एकच माणूस, साधारण तोच प्रांत, त्याच्या मागे उभे असलेले बरेचसे तेच लोक, आणि तरी निकाल दरवेळी वेगळा. १९३७ ला जिंकले. १९४६ ला पक्ष पार झोपला, पण त्याच वर्षी ते स्वतः संविधान सभेत पोचले. १९५२ ला जानेवारीत लोकसभेला हरले आणि काही महिन्यांत राज्यसभेत गेले. १९५४ ला पुन्हा हरले. लोकप्रियता अशी दर दोन वर्षांनी वर-खाली होत नाही हो. बदलत होती ती मतं मोजायची पद्धत. आपण निवडणुकीवर बोलतो तेव्हा लाट, नेता, पैसा, जात, सगळं बोलतो, पण मत पेटीत पडल्यावर त्याचं काय करायचं हा नियम कुणी ठरवला हे क्वचितच बोलतो, आणि मला तर वाटतं अर्धा निकाल तिथेच लागलेला असतो.

सुरुवात पुण्यातूनच करायला हवी. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅमसे मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य समाजाला प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि त्या जागांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मिळाला, म्हणजे त्या जागेवर मत फक्त त्याच समाजाचे लोक देणार, आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांचं दुसरं मत राहणार. या दुसऱ्या मताकडे फारसं कुणी बघत नाही, पण माझ्या मते ताकद तिथेच होती. कारण त्यामुळे सवर्ण उमेदवारालाही वस्तीत येऊन मत मागावं लागलं असतं. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते, त्यांनी २० सप्टेंबरला उपोषण सुरू केलं आणि २४ तारखेला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेला, जागा ७१ च्या १४८ झाल्या. आकडा दुप्पट झाला म्हणून करार फायद्याचा असं अजूनही कुणी कुणी सांगतं, पण जागा किती हा एक प्रश्न आणि त्या जागेवर कोण बसणार हे कुणाच्या हातात हा वेगळाच प्रश्न.

गांधीजींची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. मतदार यादी धर्मावर, जातीवर कायमची कापली की राजकारणही तसंच कापलं जातं, आणि १९०९ पासून मुस्लिमांसाठी जे स्वतंत्र मतदारसंघ आले त्याचं पुढं काय झालं ते आपण पाहिलंच. उमेदवाराला पलीकडच्या माणसाचं मत लागतच नसेल तर त्यानं पलीकडच्याशी बरं बोलावं कशाला? पण संयुक्त मतदारसंघात, म्हणजे जिथे सगळे मिळून मत देतात तिथे, उलटं होतं, अल्पसंख्य समाजाच्या राखीव जागेवरचा माणूस बहुसंख्यच निवडतात, आणि ते साहजिकच असा माणूस निवडतात जो त्यांना जड जाणार नाही. दोन्ही बाजूंना खरं दुखणं आहे.

पुणे करारानं यातून काढलेली वाट खरं तर हुशारीची होती. आधी प्राथमिक निवडणूक, त्यात फक्त दलित मतदार मत देणार आणि प्रत्येक राखीव जागेसाठी चार जणांचं पॅनल निवडणार, मग त्या चारांतून एक जण सगळे मिळून निवडणार. कागदावर हे दोन्हींचा मेळ घालतं. पण बारकावा बघा, चार! समाजाला ज्याच्यावर खरा विश्वास आहे तो पहिला येणार, पण चौथा जो कसाबसा पॅनलमध्ये घुसला तोही अंतिम फेरीत तितक्याच हक्कानं उभा, आणि तिथे मतं बहुसंख्यांची. म्हणजे वस्तीत चौथा आलेला माणूस शेवटी आमदार होऊ शकतो. शिवाय उमेदवार चार किंवा त्याहून कमी असतील तर प्राथमिक फेरी घ्यायचीच गरज नव्हती. पॅनल दोघांचं असतं तर? हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय, कारण चारच्या जागी दोन लिहिलं असतं तर कदाचित पुढचा बराच इतिहास वेगळा दिसला असता.

तरीही १९३७ ला बाबासाहेब जिंकले. स्वतंत्र मजूर पक्ष काढून वर्ष व्हायचं होतं, मुंबई प्रांतात सतराच्या आसपास उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. बाबासाहेब स्वतः भायखळा-परळमधून उभे होते आणि समोर काँग्रेसनं कोण दिला होता तर पालवणकर बाळू, ज्यांच्या फिरकीचं एकेकाळी सगळ्या मुंबईला वेड होतं, स्वतः चर्मकार समाजातले. आता इथे ओळखीचा पदर लगेच दिसतो. बाहेरून बघणाऱ्याला अस्पृश्य हा एकच गठ्ठा वाटतो, पण आतमध्ये महार, मांग, चांभार असे थर आहेत आणि राखीव जागेवर समोरच्या पक्षानं वेगळ्या थरातला माणूस दिला की समाजाचा प्रतिनिधी कोण हाच वाद उभा राहतो. बाळू साधारण दोन हजार मतांनीच पडले, म्हणजे लढत चुरशीची होती.

मग यावेळी जमलं कसं? एक तर मुंबई प्रांतात जिथे एका मतदारसंघातून एकाहून जास्त जागा होत्या तिथे मतदाराला तितकी मतं होती आणि ती सगळी एकाच उमेदवाराला द्यायची मुभा होती. तीन जागा असतील तर तिन्ही मतं एकालाच. संख्येनं थोड्या पण एकजीव समाजाला यापेक्षा कामाची पद्धत नाही, कारण बाकीच्यांची मतं तिघा-चौघांत वाटली जातात आणि यांची एका ठिकाणी साचतात. बाबासाहेबांनी हीच पद्धत असावी म्हणून आग्रह धरला होता, त्यांना हे गणित पक्कं ठाऊक होतं. लोक त्यांना कायदेपंडित म्हणतात, अर्थतज्ज्ञ म्हणतात, पण निवडणूक पद्धतीचा इतका खोल विचार केलेला माणूस त्या काळात देशात दुसरा क्वचितच असेल.

१९४६ ला मात्र सगळं उलटलं. बाबासाहेबांचा पक्ष तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होता, त्याला अख्ख्या देशात प्रांतिक कायदेमंडळांच्या राखीव जागांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही धड मिळाल्या नाहीत, मुंबई प्रांतात तर एकही नाही. काँग्रेसची लाट होती हे खरंच आणि फेडरेशनची संघटनाही सगळीकडे पोचलेली नव्हती, पण बाबासाहेबांचं म्हणणं होतं की प्राथमिक फेरीत आमचे लोक आम्हाला निवडतात आणि अंतिम फेरीत आम्हाला दुसरेच पाडतात. त्या जुलैमध्ये पुण्यात विधिमंडळासमोर फेडरेशननं सत्याग्रह केला, माणसं तुरुंगात गेली, मागणी पुन्हा तीच, स्वतंत्र मतदारसंघ. चौदा वर्षांनी त्याच शहरात तोच प्रश्न.

आणि इथेच ती गोष्ट घडली जी मला सगळ्यात जास्त बोलकी वाटते. संविधान सभेचे सभासद थेट जनतेनं निवडले नव्हते, प्रांतांच्या आमदारांनी निवडले होते आणि ते पसंतीक्रमाच्या मतानं, एक दोन तीन असे आकडे टाकून, आपल्याकडे आज राज्यसभेला असतं तसं. या पद्धतीत बहुमत लागत नाही, ठरलेला कोटा भरला की झालं. मुंबईत एकही आमदार नसलेला नेता बंगालमधून निवडून आला, कारण तिथे जोगेंद्रनाथ मंडल होते, त्यांनी आणि अनुसूचित जातींच्या मूठभर आमदारांनी पहिली पसंती बाबासाहेबांना दिली आणि तेवढं पुरलं. नुसत्या बहुमताची मोजणी असती तर ते तिथे पोचणं अवघडच होतं. पुढे फाळणीत ती जागा गेली आणि १९४७ च्या जुलैत काँग्रेसनं त्यांना मुंबईतून पुन्हा आणलं ही गोष्ट खरीच, पण दार पहिल्यांदा उघडलं ते त्या पसंतीक्रमानं.

संविधान सभेतही हा विषय संपला नव्हता. १९४७ च्या ऑगस्टअखेर मद्रासचे एस. नागप्पा यांनी एक दुरुस्ती मांडली की राखीव जागेवर निवडून येणाऱ्या उमेदवाराला त्याच्या स्वतःच्या समाजानं टाकलेल्या मतांपैकी निदान ३५ टक्के मतं मिळालेली असावीत. बस एवढंच, स्वतंत्र मतदारसंघ नको, पॅनल नको, फक्त आपल्या माणसांचा काही तरी पाठिंबा दाखवा. सरदार पटेलांनी कडाडून विरोध केला आणि दुरुस्ती मागे घेतली गेली. फाळणी होऊन दोनच आठवडे झाले होते, रक्तपात चालू होता, तेव्हा समाजवार मतं मोजायची ही कल्पनाच लोकांना नको होती, ते मी समजू शकतो. पण नागप्पांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

आता बावन साल. पहिली सार्वत्रिक निवडणूक, सगळ्या प्रौढांना मत, ही केवढी मोठी गोष्ट होती ते वेगळं सांगायला नको. पण राखीव जागांसाठी तेव्हा वेगळे मतदारसंघ नव्हते, द्विसदस्य मतदारसंघ होते. एक मोठा मतदारसंघ, दोन जागा, एक सर्वसाधारण एक राखीव, प्रत्येक मतदाराला दोन मतं. तेव्हा शिक्का मारायची पद्धत नव्हती, प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असायची आणि मतदाराला दोन मतपत्रिका मिळायच्या, त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक धरली जाणार, दुसरी बाद. म्हणजे १९३७ ची ती सगळी मतं एकालाच द्यायची मुभा गेली. तुम्हाला आवडता उमेदवार एकच असला तरी दुसरं मत दुसऱ्या कुणाला तरी द्यावंच लागणार नाहीतर ते वाया, आणि वाया घालवणं म्हणजेच ते कुजवणं.

उत्तर मुंबईतून बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे होते, हत्ती चिन्ह. समाजवादी पक्षाशी युती होती, त्यांचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेला. ठरलेलं असं की फेडरेशनचा मतदार एक मत बाबासाहेबांना दुसरं मेहतांना देणार आणि समाजवादी मतदार तसंच उलट. समोर काँग्रेसचे विठ्ठल गांधी सर्वसाधारण जागेला आणि नारायण काजरोळकर राखीव जागेला, शिवाय कम्युनिस्टांचे डांगे. निकाल लागला तेव्हा बाबासाहेबांना १,२३,५७६ मतं होती आणि काजरोळकरांना साधारण साडेचौदा हजार जास्त. मेहताही पडले, पण त्यांना बाबासाहेबांपेक्षा जास्त मतं होती. याचा अर्थ लोक असा लावतात, आणि मलाही तो पटतो, की वस्तीतलं दुसरं मत मेहतांकडे गेलं, पण मेहतांच्या मतदाराचं दुसरं मत त्याच प्रमाणात परत आलं नाही. युतीच्या सभेत हात उंचावणं सोपं, पण पेटीसमोर एकट्यानं उभं राहिल्यावर हातातली दुसरी मतपत्रिका अस्पृश्य नेत्याच्या पेटीत टाकायची की नाही हे बघायला कुणीच नसतं.

बाबासाहेब आणि मेहता दोघांनी मिळून निवडणूक रद्द करा असा अर्ज केला. ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्या, मोजल्याच नाहीत, असं त्यात म्हटलं होतं, आणि मतं मुद्दाम वाया घालवायचा प्रचार झाला हा आरोपही होता, रोख डांग्यांकडे. अर्ज फेटाळला गेला. साडेचौदा हजारांचा फरक आणि चौऱ्याहत्तर हजार बाद मतं, आजोबा गप्प का व्हायचे ते हे आकडे वाचल्यावर कळलं.

आणि तरी त्याच निवडणुकीत, त्याच पद्धतीत, सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले! त्यांच्यासोबत सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. तिथे शेतकऱ्याचं दुसरं मत राजभोजांना मिळालं, दलित मतदाराचं मोरेंना. म्हणजे पद्धत एकटी काही ठरवत नाही, तुमच्या शेजारचा माणूस स्वतःला त्या दिवशी कोण समजतो, शेतकरी, कामगार, मराठा, हिंदू, यावर त्याचं दुसरं मत जातं. ओळख माणसाला जन्मानं चिकटते असं आपण धरून चालतो, पण प्रत्येकाच्या खिशात पाच-सहा ओळखी असतात आणि त्यातली कुठली बाहेर काढायची याचा इशारा मतदारसंघाची रचना आणि युती देते.

१९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक, पुन्हा द्विसदस्य, पुन्हा अशोक मेहता सोबत. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सांगितलं म्हणे, की यावेळी आपलं दुसरं मत कुणालाच देऊ नका असं जाहीर करा, मग तुम्ही नक्की येता. त्यांनी ऐकलं नाही. ज्यानं संविधान लिहिलं त्यानं मत वाया घालवा असं कसं सांगायचं. मेहता निवडून आले. बाबासाहेब साधारण आठ हजार मतांनी पडले. हे लिहितानाही मला राग येतो आणि त्या माणसाबद्दलचा आदर दुप्पट होतो, दोन्ही एकाच वेळी.

६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. तीनच महिन्यांनी निवडणूक आली, संयुक्त महाराष्ट्राची हवा होती, समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप आणि फेडरेशन सगळे एकत्र. मध्य मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातून दोघे निवडून आले, डांगे आणि फेडरेशनचे गो. का. माने. पाच वर्षांपूर्वी ज्या डांग्यांवर मतं कुजवल्याचा आरोप होता त्यांच्याच जोडीनं! नाशिकच्या सर्वसाधारण जागेवरून फेडरेशनचेच दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले, कोपरगावमधून बी. सी. कांबळे. मराठी ही ओळख त्या वेळी इतकी वर आली होती की दुसरं मत आपोआप इकडून तिकडे जात होतं. १९६२ ला समिती तशी उरली नव्हती, फेडरेशनच्या जागी आलेल्या रिपब्लिकन पक्षात फूट पडलेली, आणि महाराष्ट्रातून लोकसभेत त्यांचा एकही माणूस गेला नाही.

मधल्या काळात द्विसदस्य पद्धतच गेली. १९५७ ला आंध्रात पार्वतीपुरममध्ये व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले, सर्वसाधारण जागेला पडले कारण आदिवासी उमेदवार दोन्ही जागांवर निवडून आले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, निकाल गिरींच्या विरोधात लागला. १९६१ ला कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ मोडले आणि आजचे एकसदस्य राखीव मतदारसंघ आले. सुटसुटीत झालं, मत कुजायचं थांबलं. पण माझ्या मते एक गोष्ट गेली, आता राखीव मतदारसंघात सगळेच उमेदवार अनुसूचित जातीचे, त्यामुळे आपलं मत विभागलं जातं आणि निवड बाकीचे करतात. महाराष्ट्रात आज लोकसभेच्या पाच जागा अशा आहेत, अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर, आणि विधानसभेच्या २९. या बहुतेक ठिकाणी अनुसूचित जातीचे मतदार अल्पसंख्यच आहेत. म्हणून आंबेडकरी चळवळीचं सगळ्यात मोठं यश राखीव जागांवर नाही, भलतीकडेच दिसतं: १९९८ ला काँग्रेसशी समझोता करून प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून, रामदास आठवले उत्तर मध्य मुंबईतून, चौघेही तेव्हाच्या खुल्या मतदारसंघांतून गेले.

२०१९ ला प्रकाश आंबेडकरांची वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम एकत्र आले तेव्हा आघाडीला राज्यभर चाळीस लाखांच्या आसपास मतं पडली आणि खासदार एकच, औरंगाबादचे इम्तियाज जलील. तेही ३,८९,०४२ मतांवर, साडेचार हजारांच्या फरकानं, कारण अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांच्या वर मतं घेतली होती. मत पसरलेलं असलं की चाळीस लाखही वितळून जातात, एका जागी असलं आणि समोरचे फुटले तर चार लाखांच्या आत माणूस दिल्लीत जातो. मग त्या चाळीस लाखांना मतं खाणारे, बी टीम, असलं काहीबाही म्हणायचं. मला हे फार लागतं. माणूस आपल्या पसंतीला मत देतो तर त्याला दुसऱ्या कुणाच्या पराभवाचा हिशोब द्यायला लावणारी ही पद्धत आहे, पसंतीक्रम असता तर त्यानं पहिला आकडा एकाला आणि दुसरा दुसऱ्याला दिला असता आणि विषय मिटला असता.

महापालिकांत तर नियम दरवेळी सरकारच्या सोयीनं फिरतो. पुण्यात २००७ ला एकसदस्य वॉर्ड, २०१२ ला दोनचा प्रभाग, २०१७ ला चारचा. एका छोट्या वॉर्डात जी वस्ती बहुसंख्य असते तीच चारपट मोठ्या प्रभागात मिसळून दिसेनाशी होते, माणसं कुठंही गेलेली नसतात, फक्त त्यांच्याभोवतीची रेघ मोठी झालेली असते.

मला विचाराल तर स्वतंत्र मतदारसंघ मला आज नकोत. पण नागप्पांची ती ३५ टक्क्यांची कल्पना, किंवा दोनाचं पॅनल, किंवा निदान पसंतीक्रमाचं मत, यातलं काही तरी पुन्हा चर्चेत यावं असं मनापासून वाटतं, आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेची चर्चा चालू असताना तरी यावं. समाजाचा कौल मोजायला कुणाची जात विचारायचीही गरज नाही. निकालानंतर निवडणूक आयोगाकडे फॉर्म वीस मिळतो, त्यात बूथनिहाय आकडे असतात. कुठल्याही राखीव मतदारसंघाचा घ्या, ज्या बूथात आपली वस्ती आहे ते बूथ शोधा, आणि निवडून आलेल्याला तिथे किती मतं पडलीत ते बघा.